वगैरे

युनिक्स घराण्यातल्या प्रत्येक सर्व्हरवर एक डिरेक्टरी असते, तिचं नाव ‘ईटीसी’. आम्ही या धंद्यातले लोक तिला ‘एटसी’ म्हणतो. मूळ शब्द ‘एट सेटेरा’, म्हणजे वगैरे. १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ही प्रणाली उभी करायला घेतली. प्रोग्रॅम ठेवायला एक जागा, उपकरणांसाठी दुसरी, माणसांच्या फायलींसाठी तिसरी, आणि यातलं काहीच नसलेलं सगळं ‘वगैरे’मध्ये. पुढे झालं असं, की मशीन चालवायला लागणारं बहुतेक सगळं त्या वगैरेतच येऊन बसलं. मशीनचं नाव काय, आत कुणाला घ्यायचं, कुणाचा पासवर्ड काय, कुठली डिस्क कुठे जोडायची, सुरू होताना आधी काय उठवायचं आणि मागून काय, प्रिंटर कुठे आहे. घरात फडताळाच्या वरच्या खणात बिस्किटांचा जुना डबा असतो, त्यात रेशनकार्ड, जादा किल्ल्या, गॅसचं पुस्तक आणि कुणाकुणाचे फोन नंबर असतात. डबा हरवला तर घर पडत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून घर चालतही नाही.

२०१४ च्या जूनमध्ये वडोदऱ्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या सर्व्हरवरची ही वगैरे डिरेक्टरी गेली. मी सांगलीचा, नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी तिकडे गेलो होतो आणि संगणक विभागात एकटा होतो. पहिल्याच वळवाच्या वादळात वीज गेली, जनरेटर उठायला वेळ लागला, यूपीएसने तेवढा दम धरला नाही. डिस्क सांभाळणाऱ्या कार्डावर एक छोटी बॅटरी असते. वीज गेली तर अर्धवट लिहायचं राहिलेलं तेवढा वेळ लक्षात ठेवणं हे तिचं काम. ती बॅटरी मेलेली होती. टेपवर बॅकअप घेणारं यंत्र माझ्या आधीपासून बंद होतं आणि नव्याच्या मागणीचा कागद ट्रस्टच्या कार्यालयात दुसऱ्यांदा गेलेला होता. म्हणजे बॅकअप नव्हता. या विषयावर एवढंच पुरे.

नुकसान किती, तर ४०९६ बाइट. डिस्कवरचा एक ठोकळा. पण तो ठोकळा म्हणजे नेमकी एटसीच्या आतल्या नावांची यादी होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती पहिल्यांदा कळली तेव्हा मला फार चमत्कारिक वाटली होती. युनिक्समध्ये फाइलीला स्वतःचं नाव ठाऊक नसतं. फाइल म्हणजे मजकूर आणि एक आयनोड. आयनोडात तिच्याबद्दलचं सगळं असतं: लांबी किती, मालक कोण, कुणाला वाचता येईल, शेवटचा बदल कधी झाला, मजकूर डिस्कवर कुठे कुठे पडला आहे. फक्त नाव नसतं. नाव असतं डिरेक्टरीत, आणि डिरेक्टरी म्हणजे एक साधी वही: डावीकडे नाव, उजवीकडे आयनोडाचा क्रमांक. एकाच फाइलीला दोन नावं असू शकतात, ती कुठली हे तिला ठाऊक नसतं. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नाव बदलायचे, तेव्हा निदान तिला सांगत तरी असत.

वही जळाली म्हणून माणसं मेली नव्हती. एटसीतली प्रत्येक गोष्ट डिस्कवर धडधाकट होती, पण तिला काय म्हणून हाक मारायची हे मशीनला आठवत नव्हतं.

रात्री आठच्या सुमारास मी बचावाची सीडी घालून मशीन उठवलं. त्या सीडीची एक गंमत आहे. ती आधी डिस्कवर ‘एटसी’तली ‘एफएस-टॅब’ नावाची फाइल शोधते. ती नाही मिळाली की सांगते, या मशीनवर लिनक्स सापडत नाही. सात वर्षं दिवसरात्र चाललेलं मशीन समोर आणि पडद्यावर हे उत्तर. मग विभाग एकेक करून हाताने जोडले, तेही फक्त वाचण्यापुरते. पेशंटांचा डेटाबेस वेगळ्या विभागावर होता. तो शाबूत होता. त्याची नक्कल आधी बाहेर काढली. मग संपूर्ण डिस्कची, बाइटन् बाइट, दुसऱ्या डिस्कवर. १४६ जीबीला दोन तासांहून जास्त लागले. या काळात काहीही न करणं हेच काम असतं, आणि ते अवघड असतं, कारण दारात माणसं उभी असतात.

त्या रात्री दारात लॅबमधल्या बेन होत्या. तिथे सगळ्या बायकांना बेन आणि सगळ्या पुरुषांना भाई. त्यांच्या हातात आखलेली वही होती. रक्त तपासणारी दोन यंत्रं आपले आकडे एका केबलवरून थेट सर्व्हरला पाठवत आणि रिपोर्ट छापून येत. आता यंत्राच्या पडद्यावरचा आकडा एकीने मोठ्याने वाचायचा, दुसरीने लिहायचा, तिसरीने तपासायचा असं चाललं होतं. सकाळी सात वाजता डायलिसिसची पहिली पाळी लागते. तिथे पोटॅशियमचा आकडा बघून डॉक्टर ठरवतात. ५.६ आणि ६.५ यांत हाताने लिहिताना एका थकलेल्या क्षणाचं अंतर असतं. बेन म्हणाल्या, “भाई, सकाळपर्यंत होईल?” मी म्हटलं, “सकाळपर्यंत नाही होणार, बेन. वही चालू ठेवा. रात्रपाळीला अजून एक माणूस मागून घ्या.” त्यांनी मागितला, मिळाला.

ज्याला त्याला वाटत होतं की नव्याने इन्स्टॉल करून टाकावं. फोनवर तिघांनी तोच सल्ला दिला. मला या सल्ल्याचा राग येतो. तो चुकीचा असतो असं नाही. ज्याला त्या मशीनवर काय काय आहे हे माहीत नसतं त्यालाच तो सोपा वाटतो, म्हणून येतो. नवीन सेंटओएस तासाभरात चढलं असतं. डेटाबेस परत ठेवता आला असता. पण त्या दोन यंत्रांशी बोलायचं कसं, कुठलं कुठल्या पोर्टवर, कुठल्या गतीने, हे ज्या कंपनीने बसवलं ती केव्हाच बंद पडली होती. ते सगळं वगैरेत होतं.

मग ‘एफ-एस-सी-के’ चालवला. डिस्कचा हिशेब तपासणारा हा प्रोग्रॅम जुना आहे, सत्तरच्या दशकातला. तो सगळे आयनोड मोजतो, सगळ्या डिरेक्टऱ्या वाचतो, आणि ज्या आयनोडाकडे कुठलीच डिरेक्टरी बोट दाखवत नाही ते अनाथ म्हणून बाजूला काढतो. त्यांच्यासाठी प्रत्येक विभागावर एक डिरेक्टरी आधीपासूनच करून ठेवलेली असते, ‘लॉस्ट अँड फाउंड’. आधीपासून अशासाठी, की मोडलेल्या डिस्कवर ऐन वेळी नवी जागा मागणं धोक्याचं. रेल्वे स्टेशनवर हरवलेल्या सामानाची खोली गाडी यायच्या आधीच बांधलेली असते, तसं. बहुतेकांनी ती आयुष्यभर रिकामीच पाहिलेली असते. माझ्यासमोर त्या रात्री तीत १८७ गोष्टी आल्या. नावाच्या जागी फक्त क्रमांक: #९८३१४, #९८३१५, #९८३२२.

त्यांतल्या ५८ डिरेक्टऱ्या होत्या. त्या सगळ्यांत सोप्या, कारण वरची यादी गेली तरी प्रत्येकीच्या पोटातली यादी जिथल्या तिथे होती. दारावरची पाटी पडली होती, आत माणसं एकमेकांना नावाने ओळखत होती. आत पाहायचं आणि ओळखायचं: इथे वेब सर्व्हरचं बिऱ्हाड, इथे छपाईचं, इथे सुरू होताना उठायच्या सेवांचं. तासाभरात ५८ पाट्या परत लागल्या. १७ दुवे होते, ते कुठे बोट दाखवतात यावरून नावं कळली.

उरल्या ११२ फायली. इथे एका अनपेक्षित साक्षीदाराने मदत केली. सेंटओएसमध्ये जे काही इन्स्टॉल होतं ते पॅकेज म्हणून होतं, आणि पॅकेजांची एक नोंदवही असते, ‘आरपीएम’ची. ती एटसीत नसते, ‘व्हार’ नावाच्या दुसऱ्या डिरेक्टरीत असते, म्हणून वाचली होती. तिच्यात प्रत्येक फाइलीचं पूर्ण नाव, लांबी, मालक, परवानग्या आणि एक ठसा असतो. एमडी५ पद्धतीने काढलेली ३२ अक्षरांची ओळख; मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी ठसा साफ बदलतो. एका बाजूला नावं आणि ठसे, दुसऱ्या बाजूला बिननावाच्या फायली. त्यांचे ठसे काढायचे आणि जोड्या लावायच्या. दहा ओळींची स्क्रिप्ट झाली. पोलिसांच्या खात्यात बोटांचे ठसे जुळवतात, तेच. ७८ फायलींना एका झटक्यात नावं मिळाली. पडद्यावर नावं सरकत गेली तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि मी एकटाच होतो.

त्यात एक छोटी अडचण आली. काही फायली मुळात रिकाम्या असतात, फक्त असाव्या लागतात म्हणून असतात. रिकाम्या फाइलीचा ठसा जगात सगळीकडे एकच येतो, ‘डी-४-१-डी-८’ने सुरू होणारा, सर्व्हर सांभाळणाऱ्यांना तो पाठ असतो. अशा दोघीतिघींची नावं ठशावरून ठरेनात. पण रिकाम्यातली कुठली कोण याने फरक तरी काय पडणार? तारखा पाहून वाटून टाकली.

अशा प्रसंगी आमच्यात एक जुनी हकिकत आठवली जाते. १९८६ च्या सुमाराला मँचेस्टर विद्यापीठाच्या एका व्हॅक्स मशीनवर कुणीतरी मुळापासूनच सगळं पुसायचा हुकूम दिला आणि अर्ध्यावर थांबवला. तोवर एटसीसकट बहुतेक मुख्य डिरेक्टऱ्या गेल्या होत्या. सुदैवाने एका टर्मिनलवर ईमॅक्स हा संपादक चालू राहिला होता. डिरेक्टरी तयार करणारा प्रोग्रॅमच उरला नव्हता, म्हणून त्यांनी दुसऱ्या मशीनवर व्हॅक्सच्या यंत्रभाषेत एक चिमुकला प्रोग्रॅम केला, तो आकड्यांच्या रूपात ईमॅक्समध्ये टाइप केला. पण नव्या फाइलीला चालवण्याची परवानगी द्यायची कशी? तो हुकूमही पुसला गेला होता. मग त्यांनी उरलेल्या एका चालत्या प्रोग्रॅमच्या अंगात आपला मजकूर ओतला. परवानगी आयनोडाची असते, मजकुराची नव्हे. कुडी तीच राहिली, जीव दुसरा. आणि त्या प्रोग्रॅमने केलं काय, तर ‘ईटीसी’ नावाची एक रिकामी डिरेक्टरी तयार केली. मला ही हकिकत त्यातल्या हुशारीपेक्षा या शेवटासाठी आवडते. इतका आटापिटा, आणि अखेर हाती आली ती एक रिकामी ‘वगैरे’.

माझ्याकडे ३४ फायली राहिल्या. त्यांचा ठसा कुठल्याच नोंदीशी जुळत नव्हता, आणि का, हे लक्षात यायला चहाचा कप संपेपर्यंतचा वेळ लागला. कारखान्यातून आल्या तशाच राहिलेल्या फायली जुळल्या होत्या. ज्यांना सात वर्षांत कधीतरी कुणाचा तरी हात लागला होता त्या जुळत नव्हत्या. म्हणजे उरलेला ढीग हा यंत्राचा नव्हता, माणसाचा होता. इथून पुढे स्क्रिप्ट चालणार नव्हती, वाचावं लागणार होतं.

वाचायला बसलो. पासवर्डाची फाइल पहिल्या ओळीवरूनच कळते, ‘रूट’चं नाव वर असतं. पण तशा दोन निघाल्या. युनिक्सची ही जुनी खोड आहे: खातं बदललं की आधीची प्रत नावापुढे एक आडवी रेघ देऊन ठेवते. दोन्हींत फरक एका ओळीचा, मार्चमध्ये नव्याने आलेल्या फार्मासिस्टचा. तारीख आयनोडात होती, त्यावरून ठरलं. गुप्त पासवर्डांची फाइल तिच्या कडक परवानगीवरून ओळखता आली, ती आपला स्वभाव विसरली नव्हती. डिस्कांची यादी, मशीनचं नाव, नेटवर्क, प्रिंटर. वीसेक फायली अशा लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला सर्व्हर स्वतःच्या पायावर उठला. लॅबची यंत्रं मात्र मुकीच होती, आणि १४ फायली बाकी होत्या.

त्या चौदाही माझ्या आधीच्या गृहस्थांच्या हातच्या. २०१२ मध्ये निवृत्त झाले होते. सगळं रुग्णालय त्यांना काका म्हणे, मीही म्हणायचो. फायलींत त्यांनी रोमन अक्षरांत गुजरातीतून टिपणं लिहून ठेवली होती. एका फाइलीत आकड्यांच्या चार ओळींवर लिहिलं होतं, ‘आ लीटीने अडशो नहीं’. मराठी कानाला वाटेल, या ओळीमुळे अडणार नाही. गुजरातीत अडणं म्हणजे स्पर्श करणं: या ओळीला हात लावू नका. दोन वर्षं बाजारात ‘अडशो नहीं’च्या पाट्या वाचल्या होत्या, म्हणून कळलं. खालचे आकडे ९६००, ८, १. केबलवरून बोलण्याची गती आणि रीत. पण दोन पोर्ट, दोन यंत्रं आणि अशा दोन फायली, कुठली कुणाची?

फोन लावला तो त्यांच्या मुलाने घेतला, सुरतेहून. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्याच दिवशी झालेलं, डोळ्यावर पट्टी, बोलायचं तर दहा मिनिटं. दाखवता काही येणार नव्हतं. मी ओळी वाचायच्या, त्यांनी ऐकायच्या. चौथ्या ओळीला म्हणाले, “थांब. या फाइलीत शेवटी मोकळी ओळ आहे का?” होती. “मग ती जुन्या मशीनची. ते मोकळ्या ओळीशिवाय उत्तरच देत नाही.” संध्याकाळी साडेसहाला पहिला आकडा यंत्रातून आपोआप आला. बेननी लगेच वही मिटली नाही. सकाळपर्यंत दोन्ही चालू ठेवली, वहीतला आकडा आणि पडद्यावरचा आकडा शेजारी शेजारी ताडून पाहिला. मला ते फार आवडलं.

बारा फायली राहिल्या. त्यांतल्या बहुतेक निरुपयोगी निघाल्या, जुन्या प्रती, अर्धवट प्रयोग. पण एक होती अकरा ओळींची. प्रत्येक ओळीत दोन-तीन अक्षरं आणि एक आकडा. ‘सीयू ३.१५’, ‘बोड ३.४०’, ‘केव्ही २.५०’. वर टिपण नाही, खाली नाही. तपासण्यांची नावं म्हणावीत तर अशा तपासण्या नाहीत. औषधाची मात्रा म्हणावी तर लॅबच्या सर्व्हरवर तिचं काय काम?

तिसऱ्या दिवशी दुपारी बेन पुन्हा आल्या. रिपोर्ट छापून येत होते, पण बाहेर बाकावर माणसं ताटकळली होती. छोटा उदेपूरकडची, कवांटकडची. “या लोकांचे कागद आधी येतात,” त्या म्हणाल्या. “नेहमी येतात. आता सगळ्यात शेवटी येतायत.” का आधी येतात हे त्यांना माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. नशिबाने येतात असंच सगळे धरून चालले होते. एक आजी रिपोर्टसाठी थांबल्या आणि त्यांची एसटी गेली, रात्र त्यांनी रुग्णालयाच्या व्हरांड्यात काढली होती.

मी पुन्हा सुरतेला फोन लावला आणि ती अकरा ओळींची फाइल वाचून दाखवली. सीयू, ३.१५. पलीकडे काका हसले. छोटा उदेपूरची एसटी सव्वातीनला. बोड म्हणजे बोडेली. केव्ही म्हणजे कवांट. पेशंटच्या पत्त्यातल्या गावावरून ज्याची गाडी आधी त्याचा रिपोर्ट आधी छापायचा, अशी व्यवस्था त्यांनी छपाईच्या रांगेत घातली होती, २००८ मध्ये. कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, कुठे लिहून का नाही ठेवलं? म्हणाले, “लिहिलं होतं ना. फाइलीतच.”

फाइलीचं नाव काय होतं? ‘गाम’, ते म्हणाले. गाव. ‘एटसी’त थेट.

मी #९८४०७ चं नाव ‘गाम’ केलं आणि छपाईची सेवा पुन्हा सुरू केली. काकांनी विचारलं, गाड्यांच्या वेळा अजून त्याच आहेत का? मला माहीत नव्हत्या. संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन फलकावरून उतरवून घेतल्या, तर अकरांतल्या चार बदलल्या होत्या. त्या दुरुस्त केल्या. यादीत नसवाडी नव्हतं, संखेडा नव्हतं. तिकडूनही पेशंट येतात असं बेन म्हणाल्या, म्हणून दोन ओळी वाढवल्या. वर एक टिपण लिहिलं, मराठीत, रोमन अक्षरांत, कारण त्या मशीनवर दुसरी सोय नव्हती. मग गुजरातीतूनही लिहिलं. मराठी वाचणारा माझ्यानंतर कुणी येईल याची खात्री नव्हती.